कळलावी एक वर्ष फुलते आणि पुढच्या वर्षी उगवतच नाही: नेमकं कुठे बिघडतं?

आषाढ लागला की ओळखीच्या घरांतून मला एकच प्रश्न येतो. "गेल्या वर्षी कळलावीला इतकी फुलं आली होती, यंदा कुंडीत काहीच नाही. कंद मेला का?" कुणाची वेल उगवते पण फुलत नाही. कुणाची वीतभर वाढते आणि पिवळी पडते. आणि बहुतेक जण यंदाच्या पावसाला, नाहीतर यंदाच्या खताला दोष देतात.

मी पुण्यात गच्चीवर कुंड्यांत कळलावी लावते. माझे कंद पहिली चार वर्षं असेच गेले. गंमत म्हणजे त्याच कंदाचे भाऊबंद रत्नागिरीजवळच्या आमच्या घरी, परड्यातल्या जांभ्याच्या उतारावर, दरवर्षी न चुकता उगवत होते. तिथे त्यांना कुणी खत घालत नव्हतं की पाणी देत नव्हतं. मी मात्र गच्चीवर रोज झारी घेऊन उभी असायचे. मग दोन्ही जागांत फरक काय, हे बघायला लागले आणि उत्तर सापडलं. यंदा वेल का आली नाही, याचं कारण बहुतेक वेळा यंदाचं नसतंच. ते गेल्या वर्षीच्या भाद्रपद-आश्विनात घडलेलं असतं, किंवा दिवाळीपासून अक्षय्य तृतीयेपर्यंत, जेव्हा कुंडी रिकामी दिसते तेव्हा.

ज्यांनी हे फूल नुसतं रानात पाहिलंय त्यांच्यासाठी थोडं सांगते. कळलावी, अग्निशिखा, खड्यानाग, गौरीचे हात ही एकाच वेलीची नावं. शास्त्रीय नाव ग्लोरिओसा सुपर्बा. तमिळनाडूचं हे राज्यफूल आणि झिम्बाब्वेचं राष्ट्रीय फूल. श्रावण-भाद्रपदात सह्याद्रीच्या उतारांवर, कुंपणांच्या कडेला ही वेल पेटलेली दिसते. कळी हिरवी, खाली मान घातलेली. उमलताना तिच्या सहा पाकळ्या उलट्या वर वळतात, कडा नागमोडी होतात, बुडाशी पिवळा आणि टोकाला लाल असा रंग चढतो आणि चार दिवसांत सगळं फूल लालभडक होतं. खालून नीट पाहिलंत तर गर्भनलिका बुडापाशीच काटकोनात वळून एका बाजूला निघालेली दिसते. मी तरी दुसऱ्या कुठल्या बागेतल्या फुलात हे पाहिलेलं नाही. कोकणात काही घरांत गौरीच्या पूजेत ही फुलं असतात.

घरात कळलावी लावली की भांडणं लागतात, असं आमच्याकडेही म्हणत. नावातली 'कळ' खरी प्रसूतीची. जुन्या काळी कंदाचा उपयोग कळा येण्यासाठी करत, त्यावरून ते नाव पडलं असं सांगतात. हा उपयोग आज कुणीही करू नये. का, ते पुढे सांगते.

कंदाचं वर्ष कसं जातं

ही एक गोष्ट समजली की निम्मे प्रश्न सुटतात. बटाटा किंवा आलं डोळ्यांसमोर आणू नका. कळलावीचा कंद इंग्रजी व्ही अक्षरासारखा, दोन फाट्यांचा असतो. संस्कृतात तिला लांगली म्हणजे नांगरासारखी म्हणतात ते यावरूनच. बटाट्याला अंगभर डोळे असतात. कळलावीच्या एका फाट्याला एकच डोळा, तोही अगदी टोकाला. ते टोक मोडलं की तो फाटा कितीही टणक, पांढराशुभ्र असला तरी त्यातून काही उगवत नाही.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. आज तुम्ही लावलेला कंद पुढच्या वर्षी नसतोच. पहिल्या सरींनंतर तो आपलं सगळं पीठ कोंबाला देऊन टाकतो आणि वेल वाढेल तसतसा सुरकुतत, पोकळ होत जातो. मग वेलीच्या बुडाशी, जुन्या कंदाच्या खालच्या अंगाला, नवा कंद धरतो. तो भरतो साधारण श्रावणापासून आश्विनापर्यंत, आणि भरतो तो फक्त पानांनी बनवलेल्या अन्नावर. म्हणजे फुलं येत असतानाच पुढच्या वर्षाचा कंद जमिनीखाली तयार होत असतो. त्या अडीच महिन्यांत पानं गेली तर पुढचं वर्ष गेलं, मग यंदा कितीही फुलं आलेली असोत.

हस्ताचा पाऊस संपत आला की पानं पिवळी पडतात, दिवाळीच्या आसपास वेल वाळून जाते आणि कंद झोपतो. ही झोप त्याला लागतेच. पाच-सहा महिने कोरडं राहिल्याशिवाय तो नीट उठत नाही.

आधी उकरून बघा

अंदाज बांधण्यापेक्षा कुंडी उलटी करणं बरं. मृग संपला, आर्द्रा लागली तरी कोंब वर आला नसेल, तर हातमोजे घालून माती हलक्या हाताने बाजूला करा. खुरपं वापरू नका, टोक मोडेल. दरवर्षी नवा कंद थोडा खालीच धरतो, त्यामुळे तो पार तळाशी टेकलेला सापडू शकतो. वरची चार बोटं माती उकरून "कंदच नाही" असं ठरवणारे बरेच जण मी पाहिलेत.

कंद हाती आला की तो स्वतःच सांगतो.

टणक, भरलेला, टोकाशी पिवळट-पांढरा डोळा फुगलेला: हा जिवंत आहे, नुसता उशीर करतोय. कोरडा करू नका, चिखलही करू नका, परत आडवा ठेवून द्या. लावल्यापासून तीन आठवडे ते दोन महिने एवढा फरक एकाच घरातल्या दोन कुंड्यांत मी पाहिलाय.

टणक, पण टोक तुटलेलं किंवा काळं पडून वाळलेलं: यातून काही येणार नाही. दुसऱ्या फाट्याचं टोक शाबूत असेल तर त्याची आशा आहे.

मऊ, दाबल्यावर पाणी सुटतंय, वास येतोय: कुजला. हे थंडीत किंवा उन्हाळ्यात दिलेल्या पाण्याचं काम.

नुसतं सुरकुतलेलं हलकं टरफल, आणि शेजारी करंगळीएवढा नवा कंद किंवा तोही नाही: हा कुजलेला नाही. याला गेल्या पावसाळ्यात खायलाच मिळालं नाही.

शेवटचे दोन प्रकार सगळ्यात जास्त दिसतात आणि नेमकी त्यांचीच गल्लत होते. टरफल हाती आलं की "पाणी कमी पडलं" असं वाटतं, आणि पुढच्या वर्षी लोक जास्त पाणी देऊन उरलासुरला कंदही कुजवतात. म्हणून कंद बोटांत दाबून, नाकाशी नेऊन मगच ठरवा. मग साबणाने हात धुवा.

कुजण्याचं कारण: झोपलेल्या कुंडीला पाणी

माझे चारपैकी तीन वर्षांचे कंद यातच गेले. गच्चीवर तीस कुंड्या, त्यात चार रिकाम्या दिसणाऱ्या. मी बाहेरगावी गेले की शेजारच्या काकू मायेने सगळ्यांना सारखं पाणी घालायच्या. त्यांची काय चूक? कुंडीत काय झोपलंय हे त्यांना कळणार कसं! परड्यात मात्र नोव्हेंबर ते मे जांभा खडखडीत कोरडा असतो, आणि पावसाळ्यात उतारावरून पाणी क्षणभर थांबत नाही. फरक होता तो एवढाच.

आता मी वेल पूर्ण वाळली की कुंडी जिन्याखाली नेते आणि चक्क आडवी पाडून ठेवते. आडव्या कुंडीत कुणी पाणी घालत नाही आणि अवकाळी पाऊस आला तरी आत साठत नाही. वर खडूने 'कळलावी, विषारी, पाणी नको' असं लिहिते. विदर्भ-मराठवाड्यात मे महिन्यात तापलेल्या भिंतीशी कुंडी ठेवू नका. सावलीची जागा हवी, नाहीतर कंद आतल्या आत भाजून सुकतो.

माती भुसभुशीत हवी. मी निम्मी बागेची माती घेते, बाकीच्यात जाडी वाळू आणि चांगलं कुजलेलं शेणखत सारखं, आणि बुडाला विटांचे तुकडे. नुसतं कोकोपीट आणि गांडूळखत असं हलकं मिश्रण घरातल्या कुंड्यांना चालतं, पण आषाढातल्या झडीत ते आठवडाभर ओलं गच्च राहतं. कोकणात जमिनीत लावणार असाल तर सपाटीवर खड्डा करू नका, वीतभर उंच वरंबा करा.

टरफलाचं कारण: अळी, कात्री आणि घाई

आता अळीकडे वळते, कारण ही दरवर्षी येते आणि दरवर्षी लोकांना गाफील गाठते.

कळलावीवर, आणि लिलीवरही, एक ठरलेली अळी पडते. शास्त्रीय नाव पॉलिटेला ग्लोरिओसी. नावातच कळलावी आहे. काळं अंग, त्यावर पांढरे आणि लालसर-नारिंगी ठिपके. लहान असताना घोळक्याने पानाच्या खालच्या बाजूला बसून हिरवा गर खरवडतात, तेव्हा पानावर नुसते पांढुरके पापुद्र्यासारखे डाग दिसतात. दिवाणखान्यातून बघणाऱ्याला ते कळतही नाहीत. मग पाच-सहा दिवसांत अळ्या मोठ्या होतात आणि एका रात्रीत वेलीचा नुसता दांडा उरतो. कळ्यासुद्धा सोडत नाहीत. मला ते पहिल्यांदा दिसलं ती नागपंचमीची सकाळ होती. आदल्या संध्याकाळी अकरा कळ्या मोजल्या होत्या. सकाळी काठीला गुंडाळलेला हिरवा दांडा, खाली कुंडीत काळी लेंडं, आणि टोकाच्या एकाच उरलेल्या पानाच्या तणाव्याला लटकलेली एक गलेलठ्ठ अळी. त्या वर्षी फुलं गेली याचं दुःख झालं. कंदही गेला, हे पुढच्या जूनमध्ये कळलं.

उपाय साधा आहे, पण रोजचा आहे. वेल गुडघ्याएवढी झाल्यापासून एक दिवसाआड सकाळी पानं उलटून बघायची. पांढुरका डाग दिसला की ते पान घोळक्यासकट काढून साबणाच्या पाण्यात टाकायचं. अळ्या लहान असताना निंबोळी तेल, लिटरभर पाण्यात ५ मिली आणि दोन थेंब साबण, संध्याकाळी पानांच्या दोन्ही बाजूंनी फवारलं तर काम होतं. मोठ्या अळीवर निंबोळीचा फारसा उपयोग होत नाही, ती हातानेच वेचावी लागते. अळीचा कोष मातीत होतो. म्हणून उन्हाळ्यात कुंडी उलटी कराल तेव्हा माती चाळून उन्हात पसरा, कोष सापडले तर काढून टाका. हे केल्यापासून माझ्या गच्चीवरचा त्रास बराच कमी झाला.

दुसरं कारण कात्री. गौरीसाठी किंवा फुलदाणीसाठी लोक दोन-दोन हात लांब वेल कापतात. फूल पाण्यात आठवडाभर सहज टिकतं, त्यामुळे मोह होतोच. पण त्या लांब तुकड्याबरोबर पंधरा-वीस पानं जातात आणि तेवढा कंद उपाशी राहतो. फक्त फूल आणि त्याचा देठ तोडा. बी हवं नसेल तर शेंगा धरू देऊ नका, ती ताकद कंदाकडे जाऊ दे.

तिसरं कारण घाई. फुलं संपली, पानं पिवळट दिसायला लागली की माळी बुडातून छाटून टाकतो आणि त्या कुंडीत शेवंती लावतो. पिवळं पडणारं पानही देत असतं. दांडा ओढल्यावर सहज हातात येईल इतका वाळेपर्यंत हात लावू नका.

उगवली, पण फूल नाही

इथे बहुतेक वेळा कंद लहान असतो. तमिळनाडूत शेतकरी औषधी बियांसाठी कळलावीची लागवड करतात, तिथे लावायला साधारण ५० ते ६० ग्रॅमचा कंद घेतात. त्याहून बारका कंद वेल देतो, फूल देईलच असं नाही. बियांपासून केलेल्या रोपाला तर फुलायला तीन-चार वर्षं लागतात. अशा वेलीवर रागावू नका; तिचं पान न पान जपा, दरवर्षी कंद वाढत जाईल.

कंद मोठा असूनही फूल नसेल तर ऊन बघा. पानांना निदान अर्धा दिवस ऊन हवं, बूड सावलीत असलेलं उत्तम. रानात ती झुडपातून वर चढते, मुळं गारव्यात आणि शेंडा उन्हात, ते आठवा. युरियासारखं खत दिलं तर नुसती पानं माजतात. मी लावतानाच शेणखत देते आणि कळ्या दिसल्यावर दोनदा पातळ शेणकाला, बस.

आधाराचं विसरू नका. कळलावीच्या पानाचं टोकच लांब होऊन तणावा बनतं आणि दिसेल त्याला विळखा घालतं. पण विळखा बारीक वस्तूलाच बसतो. जाड बांबू दिलात तर ती चढत नाही, वाऱ्याने बुडाशी मोडते. एका फाट्यातून एकच कोंब येत असल्याने मोडली की ते वर्ष संपलं. तूर-कपाशीच्या वाळक्या काड्या, जाळी, सुतळी काहीही चालेल, फक्त बारीक हवं, आणि कोंब यायच्या आधी रोवलेलं हवं. नंतर काठी खुपसताना नेमकी कंदात जाते.

एक प्रकार असा की कोंब आलेला असतो, तुम्हाला दिसत मात्र नाही. रात्री गोगलगायी तो मातीलगत कुरतडून जातात. कुंडीच्या काठावर चंदेरी चिकट रेघ दिसली तर रात्री दहाला टॉर्च घेऊन जा, सापडतील.

विकत आणलेले कंद

एका रोपवाटिकेतून मागवलेल्या सहा कंदांपैकी पाचांची टोकं प्रवासात मोडलेली होती. मातीत लावून मी दोन महिने वाट पाहिली, कारण तेव्हा मला टोकाचं माहीत नव्हतं. आता पुडकं उघडताच प्रत्येक टोक बघते आणि न बघता पैसे देत नाही. एप्रिल-मे हाच कंद घ्यायचा काळ, तेव्हा तो झोपेत असतो. जुलैत कोंब फुटलेला कंद पुडक्यात बांधून आला तर तो बहुधा मोडतोच.

रानातून उपटून आणू नका. औषधासाठी कंद खणून खणून अनेक ठिकाणी ती विरळ झाली आहे, आणि फुलावर असताना उपटलेली वेल तशीही जगत नाही, कारण तेव्हा जुना कंद संपलेला आणि नवा भरायचा असतो. फार तर वाळलेल्या एका शेंगेतल्या लाल बिया घ्या.

लावायची माझी पद्धत: अक्षय्य तृतीयेला कुंडी उलटी करून कंद बघायचे, रोहिणीत फूटभर खोल कुंडीत दोन-तीन इंचांवर आडवे ठेवायचे, टोकाला भिंतीपासून चार बोटं जागा सोडायची, एकदा पाणी, आणि मग कोंब दिसेपर्यंत माती जेमतेम ओलसर. दोन फाटे मधल्या सांध्यावर वेगळे करायचे असतील तर याच वेळी, आणि कापलेली जागा दोन दिवस सावलीत सुकवून. परदेशात, जिथे हिमदव पडतो, तिथे मार्च-एप्रिलमध्ये घरात उबेला कंद लावून थंडी सरल्यावर बाहेर ठेवला की ऑगस्टच्या सुमाराला फुलतो. हिवाळ्यात तो घरात, कोरडाच.

सोनटक्का, रानहळद, निशिगंध याच सुमाराला फुलतात, पण त्यांना कळलावीचे नियम लावू नका. सोनटक्क्याला ओल आवडते, तो कोरडा ठेवलात तर रुसेल. रानहळद मात्र हिच्यासारखीच दिवाळीनंतर नाहीशी होते, तिची कुंडीही आडवी पाडलेली बरी.

विषाबद्दल, न टाळता

कळलावीच्या सगळ्या भागांत कोल्चिसिन असतं, कंदात आणि बियांत भरपूर. शिजवल्याने ते जात नाही. रताळं किंवा रानकंद समजून खाल्ल्याने माणसं दगावली आहेत. खाल्ल्यावर काही तासांनी उलट्या-जुलाब सुरू होतात, तोवर सगळं ठीक वाटतं. शंका आली तरी घरगुती उपाय करत बसू नका, कंदाचा तुकडा बरोबर घेऊन सरळ मोठ्या रुग्णालयात जा. घरात रांगतं मूल, कुत्रं किंवा मांजर असेल तर ही वेल हाताला लागणार नाही अशाच जागी लावा, किंवा काही वर्षं थांबा. काढलेले कंद स्वयंपाकघरात, आलं-हळदीच्या टोपलीजवळ, एक रात्रसुद्धा ठेवू नका. माझे कंद कोरड्या वाळूत, झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात, कुलूप लावलेल्या माळ्यावर असतात, आणि डब्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतं ते घरातल्या सगळ्यांना वाचून दाखवलेलं आहे.

यंदा तुमची कुंडी रिकामीच राहिली असेल तर आत्ता उकरून कंदाची अवस्था बघा आणि ती तारखेसह लिहून ठेवा: टणक, मऊ, की टरफल. नवा कंद आणाल तेव्हा त्याच कागदावर अळी पहिल्यांदा दिसली तो दिवस आणि शेवटचं पान वाळलं तो दिवसही टिपा.